भरतीच्या वेळी पक्ष्यांनी जायचं कुठे?

ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याची अधिसूचना ६ ऑगस्ट २०१५ रोजी निघाली. ऐरोली पूल आणि वाशी पूल यांच्या मधली खाडी, पश्चिमेच्या अंगाने, सुमारे १,६९० हेक्टर. त्यातली निम्म्याहून थोडी अधिक खारफुटी, उरलेलं पाणी आणि चिखल. मुलुंड, भांडुप, विक्रोळीच्या पाठीमागे एवढं क्षेत्र पक्ष्यांच्या नावावर होणं ही लहान गोष्ट नव्हती. २०२१ मध्ये त्याच्या भोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं. २०२२ मध्ये खाडी रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली; नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतरचं राज्यातलं हे तिसरं रामसर स्थळ. दरवर्षी हिवाळ्यात फ्लेमिंगोंचे फोटो छापून येतात, ऐरोलीहून बोटी सुटतात, आणि एक काम हातावेगळं झालं असं सगळ्यांना वाटतं.

काम अर्धंच झालं आहे. आपण राखलं ते ओहोटीचं अभयारण्य. भरतीला पक्षी जिथे जाऊन बसतात त्यातल्या बहुतेक जागा अभयारण्याच्या रेषेबाहेर आहेत, आणि त्यांच्या जिवावर उठलेली माणसं रेषेकडेच बोट दाखवून विचारतात, पक्ष्यांना त्यांची जागा दिली आहे ना, मग इथे काय अडलंय?

खाडीचा दिवस घड्याळावर चालत नाही, पाण्यावर चालतो. चोवीस तासांत दोनदा भरती, दोनदा ओहोटी. ओहोटीला पाणी हटलं की मैलभर काळा-करडा चिखल उघडा पडतो. लांबून तो मेलेला दिसतो. जवळून पाहिलं तर सगळा चिखल भोकांनी भरलेला असतो. निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, उड्या मारत असतात, बोटाएवढ्या खेकड्या एक नांगी वर करून बसलेल्या असतात, आणि जिथे वीतभर पाणी राहिलेलं असतं तिथे फ्लेमिंगो मान खाली घालून, चोच उलटी करून चालत असतात. चोचीतून पाणी आत घ्यायचं, जिभेने दाबून बाहेर टाकायचं, आणि चोचीच्या कडांच्या बारीक कंगव्यात अडकलेलं शेवाळ गिळायचं. छोटा फ्लेमिंगो जवळपास या सूक्ष्म शेवाळावरच जगतो. त्याच चिखलात सैबेरियाकडून आलेले तुतवार आणि चिखले हे लहान पक्षी किडे टिपत फिरत असतात, पण त्यांचे फोटो कोणी काढत नाही, कारण ते चिखलाच्याच रंगाचे असतात.

मग पाणी चढू लागतं. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत थोडाफार चिखल वर राहतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मात्र सगळं बुडतं. लहान तुतवाराचे पाय दोन इंचांचे. त्याला कंबरभर पाण्यात उभं राहता येत नाही, आणि खारफुटीच्या झाडीवर बसणं हा त्याचा स्वभाव नाही. त्याला उघडी, उथळ, चारी बाजूंनी दिसेल अशी जागा लागते, जिथे पाणी उतरेपर्यंत चार-पाच तास पंख मिटून बसता येईल. फ्लेमिंगोचे पाय लांब असले तरी त्यालाही शेवटी अशीच उथळ तळी लागतात. मुंबईच्या भोवती ही तळी कुठे आहेत, हे पक्ष्यांमागे हिंडणाऱ्या कोणालाही तोंडपाठ असतं: भांडुपचं उदंचन केंद्र (पंपिंग स्टेशन), नेरुळच्या एनआरआय वसाहतीमागचं आणि टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेजवळचं पाणी, सीवूड्सचं दिल्ली पब्लिक स्कूलमागचं डीपीएस तळं, उरणकडे पांजे, बेलपाडा, भेंडखळ. नेरुळची तळी वाशी पुलाच्या दक्षिणेला. उरण तर आणखी खाली. शिवडीचा चिखल, जिथे मुंबईकरांनी पहिल्यांदा फ्लेमिंगो पाहिले आणि जिथून आता अटल सेतू समुद्रावर जातो, तोही रेषेबाहेर.

बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने (बीएनएचएस) ही गोष्ट केव्हाच मांडली आहे. खाडीशी जोडलेल्या सहा पाणथळ जागांना अभयारण्याचे उपग्रह मानून त्यांचं व्यवस्थापन एकत्र करावं, ही तिची शिफारस. म्हणजे शास्त्राला कळत नव्हतं असं नाही. पाहुण्याला पानावर बसवायचं आणि पान उचललं की दाराबाहेर काढायचं, असा आपला कारभार आहे.

या तळ्यांबद्दल नियोजनकारांचा नेहमीचा युक्तिवाद असा की ती मुळात नैसर्गिक पाणथळ नाहीतच. यात तथ्य आहे. नवी मुंबई वसवताना सखल जमिनीवर भराव घालून शहर उभं केलं आणि पावसाचं पाणी भरतीच्या वेळी साठवायला धारण तलाव ठेवले. भरती असेपर्यंत नाल्याचं पाणी तिथे थांबायचं, ओहोटी लागली की खाडीत जायचं. बांध, दारं, तलाव, सगळं माणसाने केलेलं. पण पक्ष्यांना त्याचं काय? नांदूर मधमेश्वर हे गोदावरी-कादवाच्या संगमावर इंग्रजी अमदानीत बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचून झालेलं पाणथळ. जायकवाडी हे धरणच. भरतपूरची तळी राजाने बदकांच्या शिकारीसाठी राखलेली. माणसाने केलं म्हणून पाणथळ नाही, हा निकष लावला तर महाराष्ट्रातली निम्मी पक्षी अभयारण्यं मोडीत काढावी लागतील. तरी २०१७ च्या पाणथळ नियमांनी मिठागरं, मत्स्यतळी, सिंचनासाठी केलेले जलाशय यांना व्याख्येतून वगळलं. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर पाणथळ म्हणून जे उरलं आहे त्यात मिठागरांचा वाटा केवढा आहे हे ज्याला माहीत आहे, त्याला त्या एका वाक्याची किंमत कळेल.

या तलावांचं मूळ काम अजून संपलेलं नाही, हेही सांगायला हवं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाण्याला जायला जागा नसली की काय होतं ते मुंबईने पाहिलं. धारण तलाव बुजवून त्यावर इमारत उभी करणारा माणूस पक्ष्याचं घर मोडतो तसं शेजारच्या सोसायटीच्या तळमजल्यात पाणीही घालतो. पण फ्लेमिंगोवर सभा भरतात, नाल्यावर भरत नाहीत. आपल्याकडच्या निसर्गप्रेमाची ही एक गंमतच म्हणायची.

डीपीएस तळ्याची गोष्ट बघा. जेमतेम तीस एकरांचं तळं. जेट्टीकडे जाणारा रस्ता झाला, खाडीचं पाणी आत आणणाऱ्या वाटा बुजल्या आणि तळं सुकू लागलं. कोणी तलाव भरून टाकला नाही, झाड तोडलं नाही, बंदूक चालवली नाही. पाण्याची वाट बंद झाली एवढंच. २०२४ च्या उन्हाळ्यात त्या भागात फ्लेमिंगो मरून पडले, काही जखमी सापडले. मग मेणबत्त्या आल्या, मानवी साखळ्या झाल्या, समित्या बसल्या. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हे तळं संवर्धन राखीव करायला मंजुरी दिली. उशिरा सुचलेलं, पण चांगलं. शेजारच्या एनआरआय पाणथळावरच्या गोल्फ कोर्स आणि इमारतींची परवानगी २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली होती. तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. उरणच्या पांज्याला भरतीचं पाणी अडवल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत आहेत. एका तळ्यासाठी एवढा आटापिटा करावा लागत असेल तर सहांसाठी किती, याचा हिशोब करून बघा. आणि याच काळात नवी मुंबई शहर स्वतःला फ्लेमिंगो सिटी म्हणवून घेत होतं. पुलाखाली फ्लेमिंगो, चौकात फ्लेमिंगो, भिंतीवर फ्लेमिंगो. रंगाला तोटा नव्हता.

आता विमानतळ. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यावर एक नवा सूर ऐकू येतो: विमानतळाजवळ तळी ठेवणं धोक्याचं, पक्षी विमानाला धडकतील. धोका खोटा नाही. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरला मुंबईत उतरणाऱ्या विमानाची फ्लेमिंगोंच्या थव्याला धडक बसली; जवळपास चाळीस पक्षी पंतनगरच्या भागात तुकडे होऊन पडले. विमान सुखरूप उतरलं, हे नशीब. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. तळं बुजवलं म्हणून भरती यायची थांबत नाही. पाणी चढलं की एक लाखाच्या वर फ्लेमिंगो आणि त्याहून कितीतरी लहान पक्षी कुठेतरी उतरणारच. त्यांना ठरलेली जागा मिळाली नाही तर ते नवी शोधतील, आणि वरून पाहणाऱ्या पक्ष्याला पावसाचं पाणी साचलेलं मोकळं सपाट मैदान अगदी पसंत पडतं. धावपट्टीच्या भोवती नेमकं तेच असतं. जुनी तळी टिकवा म्हणजे पक्षी विमानतळाकडे सरकणार नाहीत, असं बीएनएचएसनेही सांगितलं आहे. विमानाच्या काळजीनेच बोलायचं तर तळी आधी राखली पाहिजेत.

घरांचा मुद्दा याहून अवघड आहे आणि तो झटकून टाकणाऱ्यांशी माझं पटत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण राहणाऱ्या माणसाला चिखल्याची महती सांगायला गेलात तर तो तुम्हाला दारातून परत पाठवेल, आणि ते योग्यच होईल. २०२४ मध्ये धारावीच्या पुनर्वसनासाठी कांजुरमार्ग, भांडुप, मुलुंडकडची जवळपास २५६ एकर मिठागरांची जमीन देण्याचा निर्णय झाला तेव्हा पर्यावरणवाल्यांना गरिबांच्या घरासमोर उभं राहावं लागलं. या शहरात मोक्याची मोकळी सरकारी जमीन नाही असं मला वाटत नाही. पण भरतीच्या पाण्याच्या पातळीवरची, दलदलीची, सर्वांत स्वस्त जमीनच गरिबाच्या वाट्याला का येते, हा प्रश्न पक्ष्यांच्या वतीने विचारण्याआधी धारावीकरांच्या वतीने विचारायला हवा. उद्या पावसाळ्यात पाणी त्यांच्याच जिन्यात शिरणार आहे. आणि नेरुळच्या तळ्यांवर जे उभं करायचं घाटत होतं ते गरिबांचं घर नव्हतं, गोल्फचं मैदान होतं. एकाची गरज दुसऱ्याच्या हावेला ढाल म्हणून वापरू नये.

संरक्षण करणाऱ्यांच्याही काही सवयी तपासायला हव्यात. सगळ्यात सोपी सवय म्हणजे खारफुटी लावणं. शाळेची मुलं, कंपन्यांचे कर्मचारी, टोप्या, हातमोजे, फोटो. खारफुटी थोर आहेच. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिची तोड थांबवली आणि २०१८ च्या निकालाने तिला पक्कं संरक्षण दिलं, म्हणून आज हा किनारा हिरवा आहे. पण उघड्या चिखलावर रोपं खोचली की चिखलाची खारफुटी होते आणि चिखलावर जगणारे पक्षी हद्दपार होतात. गाळ साचेल तिथे खारफुटी आपण होऊन पसरते. तिला मदत करण्याची प्रत्येक वेळी गरज नसते. चिखल रिकामा नसतो, हे आपल्या अधिकाऱ्यांना आणि देणगीदारांना पटवणं मला फ्लेमिंगो वाचवण्याइतकंच कठीण वाटतं.

दुसरी अडचण खुद्द फ्लेमिंगोची. तो खाडीच्या आरोग्याची खूण आहे असं सर्रास लिहिलं जातं. खाडीत शेवाळ इतकं का माजतं, याला अभ्यासक देत असलेलं एक कारण म्हणजे शहराचं सांडपाणी. मैल्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ वाढतं, शेवाळावर फ्लेमिंगो. उद्या सांडपाणी नीट शुद्ध होऊ लागलं तर फ्लेमिंगो कमी होऊ शकतात आणि मासे वाढू शकतात. तसं झालं तर मी आनंदाने ते मान्य करीन, पण अभयारण्याच्या नावातच फ्लेमिंगो घातल्यामुळे त्या दिवशी वर्तमानपत्रात काय मथळा येईल त्याची कल्पना करवत नाही.

मासे म्हटले की कोळी आले. विटावा, दिवे, घणसोली, जुहूगाव, वाशी. इकडे भांडुप, मुलुंड. अभयारण्याची चर्चा सुरू झाली तेव्हा या कोळीवाड्यांत पहिली भीती मासेमारी बंद होण्याची होती, आणि तिला इतिहासाचा आधार आहे. भरतपूरला राष्ट्रीय उद्यान केल्यावर १९८२ मध्ये म्हशींना चराईबंदी झाली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. पुढे बीएनएचएसनेच, म्हणजे ज्या संस्थेच्या लोकांचा चराईबंदीला पाठिंबा होता तिनेच, वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि निघालं असं की म्हशी नसल्याने पाणगवत माजलं, उघडं पाणी गुदमरलं आणि पाणपक्ष्यांचंच नुकसान झालं. म्हैस त्या तळ्याच्या व्यवस्थेत सामील होती. ठाणे खाडीत हाताने निवट्या धरणारी, बोयटाला जाळं लावणारी माणसं अशीच सामील आहेत. त्यांच्या जाळ्यात मासा कमी का झाला याचं उत्तर फ्लेमिंगोत नाही, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या आणि गटारांच्या पाण्यात आहे.

रेषा आखताना माणूस विसरला की काय होतं याचं आपल्या राज्यातलं ठसठशीत उदाहरण माळढोकचं. १९७९ मध्ये सोलापूर-नगर भागात जाहीर झालेलं ते अभयारण्य ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं. त्यात शेतं, गावं, बाजारपेठा, सगळं आलं. जमिनीचे व्यवहार अडकले आणि माळढोक हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी शिवीसारखा झाला. शेवटी न्यायालयाच्या मान्यतेने क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं, तोवर पक्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले होते. सोलापुरात रेषा पक्ष्याच्या गरजेपेक्षा कितीतरी मोठी काढली, मुंबईत गरजेपेक्षा लहान. दोन्हीकडे रेषा काढणाऱ्याने पक्ष्याच्या मागे दिवसभर हिंडून पाहिलं नाही.

म्हणून या तळ्यांसाठी अभयारण्यापेक्षा संवर्धन राखीव हा मार्ग मला बरा वाटतो. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने तो आला. जमीन सरकारी हवी, अभयारण्याला लागून किंवा त्याला जोडणारी असावी, आणि स्थानिकांशी सल्लामसलत करून जाहीर करावी. लोकांचे हक्क काढून घेण्याची सक्ती त्यात नाही. नेरुळ-सीवूड्सच्या तळ्यांची जमीन सिडकोची, म्हणजे सरकारचीच. डीपीएस तळ्याला जे जमलं ते एनआरआय, चाणक्य आणि पांज्याला न जमण्याचं कारण नाही. सहाही जागा एका आदेशात घ्याव्यात. एकेक करून घेतल्या तर तोवर उरलेल्या पाच सुकवून टाकायला वेळ मिळतो, आणि सुकलेल्या तळ्याला पाणथळ म्हणा म्हणून कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं.

या तरतुदीत एक गफलत आहे. राखीव क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत कोण बसावं हे कलम ३६ब मध्ये लिहिलं आहे: वन विभागाचा माणूस, ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी, वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे तिघे, कृषी आणि पशुसंवर्धन खात्यांचे प्रत्येकी एक. मत्स्यव्यवसाय खातं नाही. शहरात ग्रामपंचायतही नाही. म्हणजे खाडीकाठच्या तळ्याची समिती नेमायची झाली तर कायद्याच्या शब्दांनुसार पशुसंवर्धनाचे साहेब येतील आणि कोळी दाराबाहेर राहील. कायदा डोंगर-माळरान डोळ्यांसमोर ठेवून लिहिला गेला, हे उघड आहे. राज्य सरकारने डीपीएस तळ्याचा आदेश काढताना कोळीवाड्यांच्या मच्छीमार सोसायटीला आणि मत्स्यव्यवसाय खात्याला निमंत्रित म्हणून तरी बसवावं. दुरुस्ती दिल्लीत होईल तेव्हा होईल.

समितीचं काम काय, तर मुख्यतः पाणी. उरण-पनवेलच्या आगरी शेतकऱ्याला हे नव्याने शिकवायला नको. खारबंदिस्तीच्या बांधातली उघाडी, म्हणजे पाण्याचं दार, कधी उघडायची, कधी लावायची, उधाणाला किती पाणी आत घ्यायचं, भातासाठी गोडं कधी धरायचं आणि जिताड्यासाठी खारं कधी सोडायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या हातात होतं. बांधावरची दारं आज कंत्राटदाराच्या किंवा कोणाच्याच ताब्यात नसतात; गंजून बसतात, नाहीतर कोणीतरी मुद्दाम मातीने बुजवतं. प्रत्येक तळ्याला पाणी कुठून येतं, वाट किती रुंद हवी, दार कोण चालवणार, कोणत्या महिन्यात पाण्याची पातळी किती असावी, हे मराठीत लिहून तळ्याच्या काठावर फलकावर लावावं आणि दार चालवण्याचं काम पगार देऊन गावातल्या माणसाकडे सोपवावं. नोव्हेंबर ते मे पाणी उथळ राहिलं तर पक्षी येतील. जून लागला की पक्षी कच्छकडे निघून जातात, मग तलाव पावसाच्या पाण्याला मोकळे. फ्लेमिंगो आणि पूरनियंत्रण यांचं वेळापत्रक निसर्गानेच जुळवून दिलेलं आहे. त्यासाठी नवं काही शोधावं लागणार नाही. येत्या पावसाळ्याआधी बुजलेल्या वाटा मोकळ्या करून हव्यात, आणि त्यासाठी अधिसूचनेची वाट पाहण्याचीही गरज नाही. ते एका जेसीबीचं आठवड्याभराचं काम आहे.